सौसरचा काळा दगड

सौसरच्या माणसाला समुद्राशी काय देणंघेणं, असं कुणीही विचारील. आमच्याकडे पाणी म्हणजे जाम नदी, कन्हान आणि संत्र्याच्या बागेतली विहीर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते तेव्हा जामेच्या पात्रात असतं, तेवढंच पाणी डोळ्यांत भरलेलं. भरती-ओहोटी आम्ही शाळेत पाठ केली ती ‘ज्वार-भाटा’ म्हणून, कारण घरी मराठी असली तरी भूगोल हिंदीतून होता. ज्वार म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे ज्वारीचं कणीस यायचं. समुद्रात ज्वारी कशी येते, हा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका पोट्ट्याने खरोखर विचारला होता, आणि मास्तर हसले तरी त्याला उत्तर मिळालं नव्हतं.

छिंदवाड्याच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झालो. पदवीवर नाव ‘सागर’ विद्यापीठाचं. डॉ. हरिसिंह गौर यांनी 1946 साली आपली मिळकत ओतून उभं केलेलं हे विद्यापीठ. पण त्या सागरात खारं पाणी थेंबभर नाही, आहे तो गावातला तलाव. म्हणून 1994 साली गोवा विद्यापीठात सागर विज्ञानाला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘सागरची डिग्री घेतली, आता खऱ्या सागरात बुडाले चालला का रे?’’ मायने मात्र शंकरपाळ्यांचा डबा भरला आणि एकच बजावलं, ‘‘तिकडचं पाणी खारं असते म्हणतात. प्यायचं पाणी पाहून पीत जाय.’’

सौसरहून नागपूरपर्यंत छोटी लाईन. (ती 2015 साली बंद झाली, आता मोठी लाईन आहे, पण छोट्या गाडीत जशी सगळ्या गावाची ख्यालीखुशाली कळायची तशी आता कळत नाही.) नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर आणि तिथून कदंबची बस. कोकण रेल्वे पुरती व्हायला 1998 साल उजाडलं, तेव्हा आमच्या नशिबी घाट आणि उलट्याच होत्या.

ताळगावच्या पठारावर हे विद्यापीठ. खाली जांभा दगड, वर वारा. आमच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला लाल जमीन पाहून वाटतं, इथे काही उगवत असेल का? इमारतींचा आराखडा सतीश गुजराल यांचा. विद्यापीठ 1985 सालचं; त्याआधी मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र पणजीत होतं, त्याचंच पुढे हे झालं. पठाराच्या कडेला उभं राहिलं की जुवारीचं रुंद मुख आणि पलीकडे मुरगाव बंदरात थांबलेली जहाजं दिसत. पहिल्या दिवशी नदीचं नाव ऐकलं आणि मला तो शाळेतला पोट्टा आठवला. समुद्रात ज्वारी नसते खरी, पण समुद्राला मिळणारी जुवारी असते!

वसतिगृहात पहिला महिना माझ्या बोलण्याचा तमाशा झाला. मी ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ म्हणायचो. पुण्याकडचा एक विद्यार्थी सगळ्यांपुढे माझी नक्कल करी आणि वर म्हणे, ‘‘ही मराठी नव्हे.’’ माझा खोलीसोबती डिचोलीचा. तो एकदा शांतपणे म्हणाला, ‘‘हा म्हणतो मले, आम्ही म्हणतो म्हाका. मला म्हणणारा तू एकटाच. मग चुकतंय कोण?’’ त्या दिवसापासून नक्कल थांबली नाही, पण मला तिचं काही वाटेनासं झालं.

अभ्यास म्हणजे पुस्तकं कमी आणि पाणी जास्त. एकदा आम्हांला जुवारीत एकाच जागी होडी नांगरून चोवीस तास दर तासाला पाण्याचे नमुने घ्यायचे होते. पृष्ठभागाचा एक, तळाजवळचा एक. त्या रात्री मी जे पाहिलं ते कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर डोक्यात शिरलं नसतं. भरती लागली की खारं पाणी नदीत चढतं. जड असतं म्हणून तळाशी जास्त, आणि नदीचं गोडं पाणी वरून समुद्राकडे उतरत असतं. एकाच नदीत, एकाच वेळी, वरचं पाणी एका दिशेला आणि खालचं दुसऱ्या. उन्हाळ्यात नदीला पाणी नसतं, तेव्हा मुखापाशी पाणी थेट समुद्राइतकं खारं असतं आणि खारटपणा पार आत गावागावांपर्यंत पोचतो. पावसाळ्यात नदी त्याला मागे ढकलते. कुठलं पाणी समुद्राचं आणि कुठलं नदीचं, असं विचारलं की सर म्हणायचे, ‘‘महिना सांगा, तास सांगा, खोली सांगा, मग उत्तर देतो.’’

दोना पावलाला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था जवळच. 1966 साली ती स्थापन झाली. हिंदी महासागराची जी मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी त्याआधीच्या वर्षांत झाली होती, तिच्यातून निघालेली. या संस्थेचे एकेकाळचे संचालक डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहूनच निघाली. तिथे आम्हांला एक दिवस नेलं आणि एका शास्त्रज्ञाने माझ्या हातात बटाट्याएवढा काळा गोळा ठेवला. ‘‘महासागराच्या तळातला,’’ तो म्हणाला. ‘गवेषणी’ या आपल्या संशोधन जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी असे गोळे पहिल्यांदा वर काढले. हिंदी महासागराच्या मध्यभागी, जवळपास पाच किलोमीटर खोल पाण्याखाली ते पसरलेले आहेत. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, इतक्या सावकाश वाढतात. 1987 साली त्या भागातला दीड लाख चौरस किलोमीटर तळ पाहणीसाठी भारताच्या वाट्याला आला.

मी गोळा परत दिला आणि बोटं पाहिली. काळी झाली होती. हा काळेपणा मला ओळखीचा होता. माझी आजी तरुणपणी मँगनीजच्या खाणीवर टोपली वाहायची. काचीधाना, सितापार ही नावं आमच्या घरात देवळांच्या नावांसारखी निघत. तिच्या हातांच्या रेघा कायमच्या काळ्या झाल्या होत्या; आम्ही लहानपणी म्हणायचो, आजीचा हात वाचायला ज्योतिषी नको. मी विचारलं, ‘‘सर, यात मँगनीज आहे का?’’ तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला. ‘‘मँगनीजच आहे. तू कुठला?’’ मी सांगितलं. तो हसून म्हणाला, ‘‘सौसर? अरे, तू तर पुस्तकातला निघालास!’’

मला वाटलं थट्टा करतोय. संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन भारताच्या भूशास्त्राचं जाड पुस्तक काढलं. त्यात खरोखर आमचं नाव होतं. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत जो जुन्या खडकांचा पट्टा जातो, आणि ज्यात या देशातलं उत्तम मँगनीज आहे, त्याला भूशास्त्रात नावच ‘सौसर समूह’. तहसिलीच्या ठिकाणावरून दिलेलं. फर्मर नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने 1909 साली मँगनीजवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या भागातल्या एका खडकाला त्याने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं, आणि सितापारच्या एका खनिजाला ‘सितापाराइट’. (ते खनिज आधीच दुसऱ्या नावाने माहीत होतं असं पुढे निघालं, आणि सितापार पुस्तकातून गळालं. आमच्याकडची नावं अशीच गळतात.) पण मला खिळवून ठेवलं ते पुढच्या वाक्याने. हे खडक मुळात उथळ समुद्राच्या तळाशी थराथराने साचलेला गाळ होते. शंभर कोटी वर्षांच्या मागेपुढे केव्हातरी आमच्या सौसरला समुद्र होता. आजी टोपलीत वाहत होती तो समुद्राचा तळ होता.

मी घरी लिहिलं. पत्र मराठीत. बाबांचं उत्तर आलं: ‘‘बुढीला वाचून दाखवलं. ती म्हणते, समुद्र होता तर तवा मजुरी काऊन एवढी कमी होती.’’

खोलीसोबत्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो चतुर्थीला. चतुर्थीत सगळं वसतिगृह ओस पडतं; राहतात ती आमच्यासारखी लांबची पोरं. देवापुढे माटोळी टांगलेली. रानातली फळं, नारळ, सुपाऱ्या. माझ्या पिशवीत संत्री नव्हती, कारण आंबिया बहार दिवाळीनंतर येतो, याची मला त्या दिवशी फार खंत वाटली. घरात सगळे कोंकणी बोलत, आणि त्याची आजी आरतीला उभी राहिली की मराठी. ज्ञानेश्वरी मराठीतून वाचायची आणि कुठली ओवी आवडली ते नातवाला कोंकणीतून सांगायची.

जेवणानंतर त्याच्या आजोबांनी मला 16 जानेवारी 1967 ची गोष्ट सांगितली. गोव्याने महाराष्ट्रात जावं की वेगळं राहावं, याचा कौल. जायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. 34,021 मतांनी पानं जिंकली. आजोबांनी फुलावर शिक्का मारला होता, त्यांच्या सख्ख्या भावाने पानांवर. दोघं भाऊ दोन वर्षं बोलले नाहीत. गंमत अशी की महाराष्ट्रात जाऊ नका, असं सांगणारं ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठी होतं आणि उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदरही मराठीतच. पुढे 1987 साली कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली, त्याआधी रस्त्यावर रक्त सांडलं. आजोबा हे सगळं सांगून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘आणि तुमच्याकडे? तुमकां कोणें विचारलें?’’

आम्हांला कुणी फूल दाखवलं नाही, पानंही नाहीत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूरकडचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. बाबा सांगत, रात्री झोपलो तेव्हा राजधानी नागपूर होती, सकाळी उठलो तर भोपाळ. मामाचं गाव परराज्यात गेलं. मी आजोबांना एवढंच सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, ‘‘विचारलं नाही म्हणून भाऊ तरी भांडले नाहीत.’’ खोलीसोबत्याला ते पटलं नाही. परतीच्या बसमध्ये तो मला म्हणाला, ‘‘भांडले असते तरी चाललं असतं. विचारायला हवं होतं.’’ त्यावर आम्ही दोघं पुढची दोन वर्षं वाद घालत होतो, आणि खरं सांगायचं तर अजूनही घालतो.

ग्रंथालयात त्या वादाला दारूगोळा भरपूर होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात आला. त्याने ख्रिस्ताचं पुराण ओव्यांत लिहिलं, ते 1616 साली रायतूरला छापलं गेलं, मराठीत पण रोमन लिपीत, कारण नागरीचे खिळे नव्हते. आणि कोंकणीचं व्याकरणही त्यानेच लिहिलं, ते त्याच्या मागे 1640 साली निघालं. खोलीसोबती व्याकरण पुढे करी, मी पुराण. मेसमध्ये बांगड्याचं हुमण आणि शीत पुढ्यात येई तेव्हा वाद थांबे. मी माळकऱ्याच्या घरचा, पण दुसऱ्या वर्षी माळ घरीच ठेवून आलो होतो, हे मायला अजून माहीत नाही. ती हा अंक वाचणार नाही, अशी आशा आहे.

1996 साली एम.एस्सी. झालो. संशोधनाला थांब, असं सरांनी सांगितलं होतं. पण बाबांना लकव्याचा झटका आला आणि बागेकडे पाहायला कुणी नव्हतं. परत आलो, एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. हिंदीतून. ‘ज्वार-भाटा’ शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहितो, आणि ज्वारीचा प्रश्न कुणी विचारेपर्यंत थांबतो. दरवर्षी कुणीतरी विचारतंच. एकदा मुलांना खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यावर नेतो, दगड हातात देतो आणि बोटं पाहायला सांगतो.

5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली मिळून वेगळा जिल्हा झाला. खोलीसोबत्याचा फोन आला, ‘‘आता तरी विचारलं का?’’ मी त्याला 2011 च्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगितली. जनगणनेच्या बाई घरी आल्या होत्या. कागदावर मातृभाषेचा रकाना होता आणि येणाऱ्या आणखी दोन भाषांसाठी जागा. त्यांनी हिंदीत विचारलं, ‘‘मातृभाषा?’’ बाबांची जीभ लकव्यानंतर नीट वळत नसे, पण मी तोंड उघडण्याआधी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना स्वतः सांगायचं होतं. बराच वेळ लागला. बाई पेन धरून थांबल्या. ‘‘म-रा-ठी,’’ बाबा म्हणाले, आणि दम घेऊन, ‘‘हिंदीबी येते.’’ बाईंनी दोन्ही लिहून घेतलं. मायने त्यांना मृग बहाराची चार संत्री दिली. त्या निघाल्या तेव्हा बाबांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, त्यांनी शाईने लिवलं का पेन्सिलीनं.