दिवटीची आदब

अहिल्यानगराहून छत्रपति संभाजीनगरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासें तालुक्यांत, घोडेगांव लागतें. जनावरांच्या व कांद्याच्या बाजारामुळें तें सर्वांस ठाऊक आहे, देवी घोडेश्वरी. या मुलुखांत लग्नामागून गोंधळ किंवा जागरण ओघानेंच येतें, आणि त्याबरोबर दिवटीही. संबळाचें कौतुक सारेच करतात. दिवटी सांभाळणाऱ्याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. आमच्या मतें त्या मेळ्यांतला मोठा कसबी तोच होय.

दिवटी म्हणजे धातूचा दांडा, त्याच्या तोंडांत चिंध्यांचा काकडा, आणि सोबतीस तेलाची बुधली. काकड्याचा पीळ सैल राहिला तर जळती चिंधी गळून पडते. तेल थोडथोडें पाजावें. एकदम ओतल्यास तें निथळून हातावर उतरतें. कापड सुतीच हवें. सुताची राख होते. कृत्रिम धागा वितळून कातडीस चिकटतो. नाचणाऱ्याच्या वस्त्रांसही हाच नियम.

तेलाऐवजीं रॉकेल वापरण्याचा मोह पुष्कळांस होतो. गोड्या तेलाच्या वाफा पेटण्यास सुमारें ३०० अंशांची उष्णता लागते. रॉकेलास ४० अंशांच्या आसपास पुरे, आणि तेवढें ऊन वैशाखांत मांडवाबाहेरच असतें. पेट्रोल तर ऐन थंडींतही पेट घेण्यास टपलेलें!

खेळ संपला म्हणजे काम संपलें, असेंही नाहीं. ज्योत झांकून मालवावी. पेटत्या तेलावर पाणी कधींही ओतूं नये. जवळ ओली घोंगडी असावी, कारण लोकर सहसा भडकत नाहीं. तेलकट चिंध्यांचा ढीग करूं नये; जवसासारख्या तेलानें भिजलेल्या चिंध्या आपोआप तापून पेटतात.

घोडेगांवीं एका लग्नांत नातवानें दिवटीसाठीं हात पुढें केला. वृद्ध गोंधळ्यानें त्याच्या हातीं बुधली दिली. "आजा, दिवटी कवा देणार?" "आधीं तेल घालाया शीक, बाळा." आम्हांस वाटतें, या उत्तरांत सारें शास्त्र आलें.

हल्लीं गोंधळ महाविद्यालयांच्या संमेलनांत शिरला आहे, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु तेथें मुलांच्या हातीं पहिल्याच दिवशीं दिवटी येते, बुधली येतच नाहीं. भोंवतीं पडदे आणि झिरझिरीत वस्त्रें. १४ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुंबईस गिरगांव चौपाटीवर महाराष्ट्र रजनीचा भव्य रंगमंच नृत्य चालू असतांच पेटला. जीवितहानि झाली नाहीं, हें भाग्य; पण रंगमंचास आग किती त्वरेनें ग्रासते, हें सर्वांनीं पाहिलें.

म्हणून संमेलनें भरविणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंस एवढीच विनंती, कीं गोंधळाची चाल शिकविण्यास ज्या गोंधळ्यास बोलवाल, त्यास दिवटीचा धडा देण्यासही दोन दिवस अधिक ठेवून घ्या, आणि त्या दोन दिवसांची बिदागी वेगळी द्या.