मेणवली : कृष्णाकाठचं एक जपलेलं घर

महाबळेश्वर-पाचगणीची सहल ठरली, की वाटेत वाईच्या ढोल्या गणपतीचं दर्शन आपण घेतोच. पण तिथून अवघ्या तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला वाट वाकडी करून जाणाऱ्या थोड्याच. मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला एवढं कराच!

‘स्वदेस’ हा २००४ सालचा चित्रपट पाहिला असेल, तर तिथला घाट ओळखीचा वाटेल. त्यातलं चरणपूर ते हेच गाव. पण मेणवलीची खरी गोष्ट पडद्यावरच्या गोष्टीहून कितीतरी जुनी. १७६८ साली हे गाव पेशवाईतले मुत्सद्दी नाना फडणवीस यांना इनाम मिळालं. त्यांनी सहा चौकांचा ऐसपैस वाडा बांधला. वाड्यामागे कृष्णेत उतरणारा दगडी घाट बांधला आणि घाटावर विष्णूचं नि मेणेश्वर महादेवाचं देऊळ उभारलं. वाड्याच्या भिंतींवर जुनी रंगीत चित्रं आजही दिसतात.

घाटावरची घंटा मात्र नीट निरखून पाहा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे! ही पोर्तुगीज घंटा १७०७ सालची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. कुठल्या कोण लेकुरवाळीचं चित्र, पण महादेवाच्या शेजारी कसं सुखानं नांदतंय!

नानांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्या पत्नी जिऊबाई कुणाला आठवतात? १८०० साली नाना गेले, तेव्हा जिऊबाई अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. मागे राहिलेल्या संपत्तीवर सगळ्यांचा डोळा. दुसऱ्या बाजीरावाच्या हाती पडायचं नाही, म्हणून त्या लोहगडावर राहिल्या. १८०४ साली इंग्रजांच्या मध्यस्थीनं गड सोडून पनवेलला गेल्या. सालिना बारा हजार रुपयांचं वेतन ठरलं. पुढे मात्र त्या मेणवलीलाच येऊन राहिल्या. घाटावर उभं राहिलं, की मनात येतं, या पायऱ्या त्या माउलीनं किती वेळा उतरल्या असतील!

या वाड्यानं आणखी एक ठेवा सांभाळला, तो म्हणजे नानांचं दप्तर. मोडीतले हे कागद पुढे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या हाती आले, आणि उत्तर पेशवाईबद्दल कितीतरी गोष्टी उजेडात आल्या. घरातल्यांनी ते रुमाल ‘जुनी अडगळ’ म्हणून बंबात घातले असते तर?

म्हणून जाताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. वाडा खाजगी आहे, तेव्हा विचारूनच आत जावं. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, मुलांचा हात सोडू नये. डबा घाटावर खाल्लात, तर कागद-पिशव्या परत घेऊन याव्यात. भिंतींवरच्या चित्रांना हात लावू नये.

आणि घरी आल्यावर सासूबाईंची ती जुनी ट्रंक एकदा उघडा. एखादं मोडीतलं पत्र, जमाखर्चाची वही, लग्नाची याद निघाली, तर रद्दीत टाकू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तिच्याबद्दल विचारून चार ओळी लिहून ठेवा. मेणवलीचा इतिहास टिकला, तो असाच कुणीतरी जपला म्हणून.