पाकिटावरचं नाव

घरात कार्य निघालं, की पत्रिकांवर पत्ते घालायचं काम कोणाच्या गळ्यात पडतं? ज्या बाईचं अक्षर बरं, तिच्या! आमच्याकडे ती मी.

१९८३ साली धाकट्या दिरांचं लग्न ठरलं. रात्री जेवणं आवरली, की सतरंजी टाकून आम्ही बसायचो. सासूबाई पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायच्या, मुलं तिकिटं चिकटवायची. पाकिटाचं झाकण न चिकटवता नुसतं आत खोचायचं, म्हणजे बुकपोस्टाने स्वस्तात जाई. पत्त्यांची वही नणंदेच्या लग्नातली, १९७१ सालची. पिनकोड आला १९७२ साली, त्यामुळे तो तिच्यात कुठला असणार! तेवढा विचारून घालायचा. बाकी सारं वहीत पाहून उतरवायचं. दोन रात्रींत अडीचशे पाकिटं लिहिली, म्हणून मी अगदी खुशीत होते.

लग्नाला माझी बालमैत्रीण तेवढी आली नाही. मला रागच आला. महिन्याने तिच्याकडे गेले, तशी ती हळूच म्हणाली, “अगं, पाकीट सासूबाईंच्या हातात पडलं. लेकाचं नाव वाचून त्या दिवसभर जेवल्या नाहीत. त्यांना टाकून कशी येणार होते मी?”

मैत्रिणींनो, तिचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. मी स्वतः तिला भेटून आले होते. तरी वहीत होतं तसं ‘श्री. व सौ.’ लिहून मोकळी झाले! हाताने लिहिलं, म्हणजे मनापासून लिहिलं असं थोडंच असतं?

तेव्हापासून एक नियम केलाय, तुम्हीही करून पाहा. पेन हातात घेण्याआधी कोणालातरी शेजारी बसवून सगळी यादी मोठ्याने वाचायची. प्रत्येक नावाशी थांबायचं. माणसं कशी आहेत, कुठे आहेत, घरात कोणी वाढलं का, कोणी गेलं का? शंका आली, तर आधी चौकशी, मग पाकीट. ‘श्री.’, ‘सौ.’, ‘श्रीमती’ ही अक्षरं लहान, पण घाव मोठा करतात.

यंदा नातीचं लग्न आहे. तिच्या पत्रिका फोनवरूनच जायच्या. वडीलधाऱ्यांची साठ पाकिटं तेवढी माझ्याकडे. आमची यादी वाचून झाली. तीन नावं बदलावी लागली. मी म्हटलं, “आता तुझीही वाच गं एकदा.”

“आजी, माझी फोनमध्येच आहे,” म्हणत तिने हसत हसत सुरुवात केली. एका नावाशी मात्र थबकली.

“हिचे बाबा दिवाळीत गेले गं. हिला नुसतं फोनवर नाही पाठवत. उद्या घरी जाऊन येते.”

मी एक कोरं पाकीट तिच्या हातात दिलं. म्हटलं, “हे तू लिही.”