रकाना भरला, दगड पाहिलाच नाही

वर्धा आणि वैनगंगा यांच्या मधल्या आमच्या गोंडपिपरी तालुक्यात नांगरटीच्या वेळी शेजाऱ्याच्या शेतात निघालेला, एका अंगाने झिजून गुळगुळीत झालेला काळाभोर वरवंटा मी एका सरकारी दफ्तरी जमा केला, त्याला आता बरीच वर्षे लोटली. तरी त्या दिवशीचा संताप अजून शमलेला नाही. कारकुनाने मौजा विचारला, गट नंबर विचारला, पंख्याने उडणाऱ्या कागदांवर तोच वरवंटा वजन म्हणून ठेवला, आणि त्याकडे एकदाही न पाहता उगमाच्या रकान्यात ‘स्थानिक’ असे लिहून पावती माझ्यापुढे सरकवली. मी हरकत घेतली. तेव्हा, रकाना रिकामा ठेवता येत नाही, असे उत्तर मिळाले! बरोबर आलेला शेतकरी तर मलाच म्हणाला, “गुर्जी, गोटा कोठचा का असंना, मिरची तं वाटते ना?”

वस्तुतः असा काळा दगड येथे तीन वाटांनी येऊ शकतो. पूर्वेकडील पुरातन खडकांत घुसलेल्या डोलेराइटच्या भिंतींतून तो फोडलेला असेल. माणिकगडाच्या डोंगरावरील बेसाल्टातून कोणी वाहून आणला असेल. अथवा मुलताईकडून कातळप्रदेश कापीत येणाऱ्या वर्धेनेच गोटा म्हणून काठावर टाकला असेल. नुसत्या डोळ्यांना हा भेद सांगता येत नाही. टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम यांची प्रमाणे क्ष-किरणांनी मोजली तर खडकाचे कूळ उमगते. सह्याद्रीतील अंबेनळी आणि पोलादपूर हे बेसाल्टाचे थर अशाच प्रमाणांवरून वेगळे ओळखले गेले. मात्र ज्या डोंगराचा नमुनाच घेतलेला नाही त्याचे नाव कोणतेही यंत्र सांगणार नाही, आणि नदीने आणला की माणसाने, हे तर रसायनशास्त्राच्या अधिकाराबाहेरचेच.

इंग्लंडातील स्टोनहेंजच्या एका शिळेतून 1958 च्या दुरुस्तीत काढलेला दगडी गाभा त्या कामावरील एका गृहस्थाने आपल्याजवळ जपला आणि 2018 मध्ये परत केला. त्याच्या पृथक्करणामुळे 2020 मध्ये तेथील उरलेल्या 52 सार्सन शिळांपैकी 50 शिळांचा उगम सुमारे 25 किलोमीटरवरील वेस्ट वुड्समध्ये असल्याचे ठरले. हे वाचून माझा आग्रह अधिकच बळावला. परंतु पुढे एका अभ्यासकाने त्याच शेतातील दुसऱ्या वरवंट्याची चकती कापून मागितली, तेव्हा ज्याने परीक्षेसाठी इतका आकांत केला त्या माझेच मन कचरले आणि मी साफ नकार दिला. त्या नकाराचा मला आजही पश्चात्ताप होत नाही. पृष्ठभाग न दुखावता मोजणारे हातातले यंत्र आता मिळते, त्याचे आकडे काहीसे ढोबळ असले तरी आधी तेच वापरावे, असे माझे मत आहे.

शेतकरीबंधूंना एवढीच विनंती, की असा दगड निघाल्यास उचलण्यापूर्वी गट नंबर, खोली आणि शेजारची खापरे टिपून ठेवावीत. आणि घासलेल्या पृष्ठावर प्राचीन धान्याचे पिष्टकण टिकून असू शकतात, म्हणून कृपा करून तो धुऊ नये.