बटन टायर

2017 साली मातीच्या ट्रॅकवर दुसऱ्याच वळणाला पुढचं चाक निसटलं आणि माझी आरएक्स हंड्रेड आडवी झाली. मला नुसतं खरचटलं. गाडीचं मात्र हँडल वाकलं, क्लचचा लिव्हर तुटला, शॉकप पिळवटले. टेम्पोत घालून ती गावात आणली तेव्हा आबा गोठ्यात धार काढत होते. काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मिस्त्रीनं शॉकपचे पाइप सोडवून काचेवर लोळवले. एक डुगडुगला. "सरळ करून मिळंल, पण भरवसा न्हाई. नवाच घाल." उसाच्या बिलातून आईनं बाजूला ठेवलेले पैसे तिथंच संपत आले. मी म्हटलं, टायर राहू दे, नक्षी शाबूत आहे.

आबा मागं येऊन उभे होते. त्यांनी टायरला नख लावलं, रुतलं नाही. "नक्षी काय बघतोस? रबर दगडावानी झालंय. त्यो माती कसा धरंल?"

मिस्त्रीनं टायरच्या कडेचे चार आकडे दाखवले: 1408. म्हणजे 2008 सालचा चौदावा आठवडा. नऊ वर्षांचा टायर, आणि मी दोष वळणाला देत होतो.

"बटन टायर घे," आबा म्हणाले, "पर बटनांत जागा मोकळी पायजे. ट्रॅक्टरगत. न्हाईतर चिखल भरतोय नि चाक गुळगुळीत हुतंय." बंडीतून पैसे काढून दिले. पेंडीचे होते.

पुढच्या शर्यतीत सातवा आलो, पण पडलो नाही. घरी आल्यावर आबांनी आधी टायर चाचपला, मग माझं कोपर.