अब्बांचं ट्रकचं गाणं

अब्बा घुग्घुसच्या खाणीतून चंद्रपूरच्या वीज केंद्राकडे कोळशाचा ट्रक न्यायचे. घरी आले की आधी अंघोळ, मग नमाज, मग चहा. चहा झाला की स्वतः जुळवलेलं गाणं सुरू. त्यात ट्रक म्हणजे त्यांची रुसकी दुसरी बायको :

"डिझेल पीती, ऑइल पीती, फिर भी रूठी रहती,
घर की बेगम एक चाय में दिनभर राज़ी रहती!"

अम्मी लटक्या रागानं उलथनं दाखवायची. शादीच्या घरी तर बायका पडद्याआडून याच गाण्याची फर्माइश करायच्या.

मी दहावीत असताना फुफूच्या मुलीच्या शादीला माझ्या वर्गमैत्रिणी आल्या होत्या. अब्बा गायला उभे राहिले, तशी मी त्यांच्या कानात म्हणाले, "अब्बा, आज नको. तुम्ही ट्रक चालवता हे सगळ्यांना कळेल." ते हसले. "ठीक है बेटा," म्हणून खाली बसले. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी ते गाणं कधीच म्हटलं नाही.

गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात रस्ता सुरक्षेवर बोलत होते. वाटेतली इजा देणारी वस्तू दूर करणं हाही ईमानचा भाग आहे, ही हदीस सांगितली. विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून ट्रकवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला २०१५ साली राज्याच्या परिवहन आयुक्तांनी मनाई केली, हेही सांगितलं. मागून कोणी तरी ओरडलं, "मॅडम, ह्याचे अब्बा ट्रकवाले!" वर्गभर पों-पों झालं. त्या मुलानं मान खाली घातली.

मी खडू खाली ठेवला. "माझे अब्बाही ट्रकवालेच होते," म्हटलं आणि गाणं सुरू केलं. मुलं खदखदून हसली, तोही हसला. पण दोन ओळींपुढे मला काही आठवेना.

संध्याकाळी अम्मीला फोन केला. अब्बांच्या इंतकालला आता आठ वर्षं झाली. तिला सगळं गाणं पाठ होतं. पंक्चरचं कडवं, पडोलीच्या नाक्यावरच्या चहाचं कडवंसुद्धा. मी वहीत उतरवून घेतलं. मग ती हळूच म्हणाली, "तू शाळेत गेलीस की रोज म्हणायचे."

अल्लाह त्यांची मगफिरत करो. येत्या शव्वालमध्ये भाचीची शादी आहे. बायकांच्या बैठकीत ते गाणं मी म्हणणार आहे, आणि कोणाचं आहे तेही सांगणार आहे.