टिंटाजेलच्या दरीवरचा पूल

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर टिंटाजेलचा किल्ला आहे. राजा आर्थरच्या दंतकथेमुळे तो जगभर माहीत झाला. कॉर्नवॉलचा अर्ल रिचर्ड याने १२३० च्या दशकात तो बांधला, तेव्हा मुख्य भूमी आणि समुद्रात घुसलेला डोंगर खडकाच्या अरुंद पट्टीने जोडलेले होते. पुढे समुद्राने ती पट्टी पोखरली, ती ढासळली आणि किल्ल्याची दोन शकलं झाली. पलीकडे जायचं तर उभ्या पायऱ्या उतरायच्या आणि समोरच्या चढायच्या. गुडघे दुखणाऱ्यांनी अलीकडूनच परतायचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये त्या जुन्या पट्टीच्याच जागी पादचारी पूल खुला झाला. नेय अँड पार्टनर्स आणि विल्यम मॅथ्यूज असोसिएट्स यांनी तो रचला. लांबी सुमारे ६८ मीटर, आणि खाली एकही खांब नाही.

मी स्थापत्य अभियंता, त्यामुळे माझी नजर आधी टोकांकडे गेली. दोन्ही कड्यांमधून पोलादाचा एकेक हात बाहेर आला आहे. खडकापाशी त्याची उंची साडेचार मीटर, मध्यावर जेमतेम १७ सेंटिमीटर. वजनामुळे हाताची वरची बाजू खडकातून सुटू पाहते आणि खालची बाजू खडकात रेटली जाते. म्हणून वरची टोकं खोल नांगरून ठेवली आहेत.

बांधकाम कसं केलं असेल? कड्यापर्यंत मोठी क्रेन नेणं शक्यच नव्हतं. मग दरीवर तारा ताणून केबल क्रेन उभारली आणि पोलादाचे तुकडे तिला टांगून एकेक करून जागेवर बसवले.

पायाखाली जवळच्याच डेलाबोल खाणीतला स्लेट दगड आहे. त्याच्या पातळ चिपा, कपाटात पुस्तकं लावावीत तशा, उभ्या ठासल्या आहेत, गिलावा नाही. मध्यावर आलो आणि वाकून पाहिलं. दोन्ही हात एकमेकांना टेकतच नाहीत! मध्ये ४० मिलिमीटरची फट आहे आणि तिच्यातून खालची दरी दिसते. उन्हात पोलाद प्रसरण पावतं, त्याला तेवढी मोकळीक लागते. रचनाकारांच्या मनात तीच फट वर्तमान आणि भूतकाळ यांच्यामधली सीमाही होती.

ऐतिहासिक जागी नवं बांधताना असंच बांधायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कठड्याच्या बारीक सळ्या दुरून दिसतही नाहीत. तुम्ही गेलात तर पूल ओलांडून थांबू नका, खालच्या किनाऱ्यावरूनही तो पाहा. त्याचा सडपातळपणा तिथूनच कळतो.